मांदू काय खाते, ते कुणाला सांगू नकोस

देजॉन,
३ ऑक्टोबर २००७

ती. ओकनामताईस,
धाकट्या योंगदालचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचायच्या आधी दार लावून घे. शेजारची कालवंवाली तुझ्या ओट्यावर बसली असेल तर तिला काहीतरी कारण सांगून घरी पाठव. हे सगळं फोनवर सांगणार होतो, पण हल्ली तुला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर काही सांगायचं म्हणजे बाराव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत सगळ्यांना सांगायचं. म्हणून लिहितो आहे.

मांदू तुला माहीत आहे. वसंतात इनग्यूनं माझ्याकडे आणून ठेवलेली कुत्री. पांढरी आणि फुगलेली, सारण भरून उकडलेल्या मांदूसारखी दिसते, म्हणून नातीनं, सोदामनं, तिचं नाव मांदू ठेवलं. आधी ती कुठल्याशा पैदास करणाऱ्याकडे पिंजऱ्यात होती. तिथून सोडवून आणलेल्या कुत्र्यांच्या आश्रमातून इनग्यूनं तिला घेतलं. त्याची आई गेल्यापासून मी भिंतीशी बोलतो, असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं म्हणे. मी भिंतीशी बोलत नव्हतो. भिंतीवर बुरशी आली होती, तिला बोलत होतो.

तर ही मांदू स्वतःची विष्ठा भक्षण करते. हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं. एकतीस वर्षं आरोग्य निरीक्षक म्हणून मी या शहरातली खानावळींची स्वयंपाकघरं तपासली, झुरळाच्या एका पायावरून दुकानं बंद केली, आणि आता माझ्या घरात, माझ्या नाकाखाली हे चाललं आहे. एखाद्या खानावळवाल्याला कळलं तर तो गावजेवण घालील.

कळलं ते नेमकं छुसॉकच्या सणाच्या दिवशी. तुझ्या गुडघ्यांमुळे तू आली नाहीस ते एका परीनं बरंच झालं. पूर्वजांचा नैवेद्य झाला, जेवणं व्हायची होती. सोदाम मांदूला मांडीवर घेऊन बसली होती आणि मांदू तिच्या गालांचे, नाकाचे, ओठांचे भरभरून मुके घेत होती. सगळे कौतुक करत होते. तेवढ्यात सूनबाई हात धुवायला न्हाणीघरात गेली. तिथे मांदूच्या शू-शीसाठी मी जाड कागद अंथरतो. सूनबाईनं कागदाकडे पाहिलं, मग बाहेर येऊन मांदूच्या मिश्यांकडे पाहिलं. पुढचं मी लिहीत नाही. सोदामचं तोंड इतक्या वेळा धुतलं की पोरीचे गाल सफरचंदासारखे झाले.

इनग्यू एवढंच म्हणाला की बाबा, तुम्हाला झेपत नसेल तर मी दुसरीकडे सोय बघतो. कुत्रीची की माझी, ते त्यानं सांगितलं नाही. जेवण उरकून दोनच्या आत ती सगळी इंचॉनला परत गेली. जाताना सूनबाई अगदी नम्रपणे म्हणाली की याचा काही बंदोबस्त होईपर्यंत सोदामला पाठवता येणार नाही. ती चूक बोलली असं मला म्हणता येत नाही. तिच्या जागी मी असतो तर घराला सील ठोकलं असतं.

ताई, तुझ्याकडे अंगण आहे. मांदूला तुझ्याकडे आणून सोडू का? खाते थोडं, भुंकत नाही. दोष एवढा एकच.

उत्तराची वाट बघतो. तुझा लोभ आहेच, तो या मजकुरानं विटू देऊ नकोस.

तुझा
योंगदाल

ता. क. मांदू काय खाते, ते कुणाला सांगू नकोस.


गोहुंग,
१२ ऑक्टोबर २००७

चि. योंगदालास,
ओकनामताईचे अनेक उ. आ.

पत्र पोचलं. तू सांगितल्याप्रमाणे दार लावून वाचलं. मग दार उघडून कालवंवालीला हाक मारली आणि तिलाही वाचून दाखवलं, कारण एवढं हसू मला एकटीला आवरेना. तिनं सांगितलं आहे की साहेबांना म्हणावं, काळजी नको, मी फक्त माझ्या जावेला सांगेन.

अरे, गू म्हण, गू. विष्ठा काय, भक्षण काय. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, अक्षरं तूच शिकवलीस, पण गू लिहायला मला तीनदा खोडावं लागत नाही.

आता तुला एक गोष्ट सांगते, ती तू आठ महिन्यांचा असतानाची आहे, म्हणून तुझ्या लक्षात नसणार. आई भाताच्या लावणीला जायची आणि तू दिवसभर माझ्या पाठीवर बांधलेला. तू माखलास की मी तुला अंगणात उतरवायचे आणि आपल्या पिवळ्या कुत्र्याला हाक मारायचे. पिवळा यायचा आणि तुला असा लख्ख करून जायचा की आईला संध्याकाळी दुपटं धुवावं लागायचं नाही. घरोघरी हीच रीत होती. त्या कुत्र्यांना सगळे गूखाऊच म्हणायचे, आणि आजी तुला मांडीवर घेऊन माझं गुवाचं पिल्लू ते, असं म्हणत पापे घ्यायची. तेव्हा निरीक्षकसाहेब, तुमची पहिली तपासणी आणि पहिली सफाई एका कुत्र्यानं केलेली आहे. तुम्हाला काही झालं नाही. नको तितके टणक झालात.

पण पिवळा उपाशी असायचा. तेव्हा आपणही उपाशीच असायचो. तुझी मांदू उपाशी नाही, तरी खाते, म्हणजे पोटात काही तरी बिघाड असेल नाही तर डोक्यात. आधी तिला जनावरांच्या डॉक्टरला दाखव.

मी काही तिला ठेवून घेणार नाही. अंगण आहे, पण मला ऐकू येत नाही, आणि रस्त्यावरून युजाची लिंबासारखी फळं भरलेल्या गाड्या दिवसभर धावतात. आणि दुसरं म्हणजे, ती इकडे आली की तू परत बुरशीला बोलायला लागशील.

एक विचारायचं राहिलं. मांदू बसते तेव्हा तू काय करतोस? पत्रात कुत्रीनं काय केलं, सूनबाईनं काय केलं, इनग्यू काय म्हणाला, सगळं आहे. तू काय केलंस ते नाही. तुझ्या पत्रात ते कधीच नसतं.

युजाचा पाक दोन बरण्या पाठवते आहे. एक तुला, एक त्या डॉक्टरला. अंगाला जप. थोरलीची माया तुझ्या मागे आहे, हसू आलं तरी आहे.

ओकनाम


देजॉन,
२८ ऑक्टोबर २००७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कालवंवालीच्या जावेला माझा नमस्कार सांग. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा सगळंच लिहितो.

डॉक्टरकडे जायच्या आधी मी घरी उपाय केले. निरीक्षक माणूस, आधी स्वतः चौकशी करायची सवय. बाजारात कुणी तरी सांगितलं की त्यावर मिरचीची पेस्ट पसरून ठेवा, पुन्हा तोंड लावणार नाही. पसरली. मांदूनं खाल्लं, वाटीभर पाणी प्यायली, आणि पुढच्या वेळी नुसत्याकडे अशी बघत राहिली जशी काही मी वाढताना चटणी विसरलो. मग कुणी सांगितलं की अननस खायला घाला, म्हणजे शीची चव बिघडते. तिची बिघडलेलीच नव्हती काय, हे मी विचारलं नाही. अननस मांदूनं हुंगून सोडला. डबे फोडलेले होते, ते वाया कसे घालवायचे, म्हणून मी खाल्ले. माझं पोट उत्तम साफ होतं आहे.

शेवटी डॉक्टरकडे फोन केला. तिथून सांगितलं की नमुना घेऊन या. मी नमुना मिळवला. कसा मिळवला ते विचारू नकोस, मांदूची आणि माझी शर्यत झाली आणि मी जिंकलो. झाकणाच्या छोट्या डब्यात घातला, आणि डबा उघडा दिसू नये म्हणून तुझ्या युजाच्या बरण्या ज्या रेशमी फडक्यात आल्या होत्या, त्याच फडक्यात वर छान गाठ मारून बांधला. इथेच चुकलो.

लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावर आमच्या इमारतीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई शिरल्या. गेल्या वर्षी मी त्यांना तुझ्या युजाची एक बरणी दिली होती. त्यांनी फडकं पाहिलं, चेहरा उजळला, म्हणाल्या की अहो कशाला दर वर्षी त्रास घेता, आणि दोन्ही हात पुढे केले. ताई, एकतीस वर्षांत मला कुणी एवढ्या पेचात पकडलं नव्हतं. मी म्हणालो की हे डॉक्टरांसाठी आहे. त्या थोड्या हिरमुसून म्हणाल्या की नशीबवान आहेत डॉक्टर. मांदू माझ्या काखेतून सगळं ऐकत होती.

डॉक्टर बान म्हणून एक मुलगी आहे. इनग्यूपेक्षाही लहान. तिनं नमुना तपासला, रक्त घेतलं, वजन केलं. जंत नाहीत, साखर नाही, पचनात खोट नाही. दुसऱ्या कुठल्या दुखण्याचं औषध चालू आहे का, विचारलं. कधी कधी त्यानं भूक खवळते म्हणे. तसंही नाही. पिल्लं लहानपणी असं करतात आणि मोठेपणी सोडतात, आईकुत्री पिल्लांची घाण चाटून जागा साफ ठेवते, त्यात रोग काही नाही, असं ती म्हणाली. पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्र्याला मात्र निजायची, खायची आणि हगायची जागा एकच असते, तिथे ही सवय लागते आणि कधी कधी मुरते. मिरचीबद्दल मी सांगितलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

मग तिनं तुझाच प्रश्न विचारला. ती बसते तेव्हा तुम्ही काय करता? मी अभिमानानं सांगितलं. आवाज चढवतो. वर्तमानपत्राची गुंडाळी करून जमिनीवर आपटतो. एकदा पाठीवरही बसली. आणि कागदाच्या बाहेर झालं असेल तर मान धरून नाक तिथे नेऊन दाखवतो, म्हणजे लक्षात राहावं.

डॉक्टर बान अगदी शांतपणे म्हणाली की आजोबा, तिच्या लक्षात राहिलं आहे. कुत्र्याला शिक्षा कशाबद्दल ते कळत नाही. त्याला एवढंच कळतं की हा माणूस आणि शी एका खोलीत आली की आपली धडगत नाही. माणसाला काही खाता येत नाही. मग उरली शी.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. ती म्हणते, ओरडणं बंद, मारणं बंद, वर्तमानपत्र फक्त वाचायला. दोन वेळा ठरल्या वेळी जेवण, जेवणानंतर पट्टा लावून बाहेर न्यायचं, तिचं झालं की गोड आवाजात आपल्याकडे बोलवायचं, आली की सुक्या माशाचा तुकडा द्यायचा आणि ती तो चघळते आहे तोवर मागचं उचलून टाकायचं. रोज, दर खेपेला, महिनोन्‌महिने. पुष्कळदा जमतं म्हणे, नेहमी नाही. म्हणजे गुन्ह्याला बक्षीस! तिनं कुत्री सहा वर्षं पाहिली असतील, मी स्वच्छता एकतीस वर्षं पाहिली आहे. मी युजाची बरणी तिला न देताच परत आलो.

तू माझ्या बाजूनं दोन शब्द लिही. प्रकृतीला जप आणि लहान भावावरची माया तेवढी आंबट होऊ देऊ नकोस.

योंगदाल


गोहुंग,
९ नोव्हेंबर २००७

चि. योंगदालास,
अ. आ.

तुझ्या बाजूनं दोन शब्द शोधत होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. सापडले नाहीत. दुसरेच सापडले. ते लिहू की नको, याचा विचार चार दिवस केला. मग म्हटलं, मी त्र्याहत्तरची झाले, कधी लिहिणार.

एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळी सुट्टीत इनग्यू एकटा माझ्याकडे आला होता, आठवतं? नऊ वर्षांचा होता. तू त्याला बसमध्ये बसवून दिलं होतंस आणि खिशात चिठ्ठी होती, की रोज सकाळी पाढे म्हणवून घेणे. पोरगं आलं ते पोट धरून. तीन दिवस परसाकडे गेलं नाही. मी एरंडेल पाजलं, पोट चोळलं. चौथ्या दिवशी रडत रडत त्यानं मला सांगितलं की आत्या, मी गणिताचा पेपर खाल्ला.

मला वाटलं ताप डोक्यात गेला. पण त्यानं नीट सांगितलं. चाळीस मार्क मिळाले होते. पेपरवर सहीऐवजी वडिलांचा शिक्का मारून आणायचा होता. शाळेतून घरी येताना पुलावर बसून त्यानं विचार केला की नदीत टाकला तर तरंगेल, पुरला तर कुत्रं उकरेल, फाडला तर तुकडे सापडतील. तुला तुकडे सापडतातच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून घास घास करून त्यानं तो खाल्ला. माझ्याकडून त्यानं वचन घेतलं की बाबांना सांगायचं नाही. सव्वीस वर्षं मी ते पाळलं. तुझी बायको मात्र जाणून होती, तिला मी सांगितलं होतं. तिनं एवढंच म्हटलं की आता मी पेपर आधी बघत जाईन.

तुझं पत्र वाचताना त्या डॉक्टरच्या वाक्याशी मी थांबले, आणि मला ते पोरगं त्या पुलावर बसलेलं दिसलं.

तू वाईट बाप होतास असं मी म्हणत नाही. तू त्याला ताप आला तर रात्रभर पाठीवर घेऊन फिरलेला माणूस आहेस, तेही मी पाहिलं आहे. पण तुझा आवाज, योंगदाल. मला अक्षरं शिकवायचास तेव्हा तू दहाचा आणि मी सतराची, तरी तू ओरडलास की मी पाटी पदरानं पुसून टाकायचे. चूक होती की बरोबर, ते न बघता.

राग येईल तुला. येऊ दे. पण मनात ठेवू नकोस, मला लिही. तुझी थोरली बहीण अजून आहे, तोवर रुसण्याचा हक्क वापरून घे.

ओकनाम


देजॉन,
२ डिसेंबर २००७

ती. ताईस,
योंगदालचा कृ. सा. न.

तीन आठवडे लिहिलं नाही. रुसलो होतो. पहिला आठवडा तुझ्यावर, दुसरा आठवडा बायकोवर, ती तर उत्तरही देऊ शकत नाही. तिसऱ्या आठवड्यात रुसायला कुणी उरलं नाही.

मग एका सकाळी असं झालं. मी मोजे घालून होतो म्हणून पावलांचा आवाज झाला नाही. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. मांदू नुकतीच उठली होती. तिनं मागे वळून पाहिलं आणि तिला मी दिसलो. मी तोंडातून शब्दही काढला नव्हता. ताई, तिनं ते आवडीनं खाल्लं नाही. घाईघाईनं, न चावता, अंग थरथरत, आणि डोळे सबंध वेळ माझ्याकडे लावून खाल्लं. एखादा माणूस दारावर थाप पडल्यावर कागद जाळतो ना, तसं. खाऊन झाल्यावर कागद स्वच्छ चाटला आणि खाली मान घालून उभी राहिली. तपासणी करून घ्या साहेब, काही नाही इथे.

मी तिथेच न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसलो. पायजमा भिजला. तेव्हा मला पुलावरचं पोरगं दिसलं. उठताना मी तिच्याकडे हात केला, तर मांदू जवळ आली नाही, लांबून बघत राहिली. बरोबरच आहे.

दुसऱ्या दिवशी युजाची बरणी घेऊन डॉक्टर बानकडे गेलो आणि म्हटलं की पहिल्यापासून परत सांगा, मी लिहून घेतो.

आता रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला आम्ही ओढ्याकाठी जातो. थंडी अशी आहे की नाक गळून पडेल. मांदूचं झालं की मला गोड आवाजात बोलवायचं असतं. माझ्याकडे गोड आवाज नाही, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. पहिल्या दिवशी जो आवाज निघाला, तो ऐकून मांदू मागे सरकली आणि बाकावरची एक म्हातारी उठून गेली. घरी आरशासमोर सराव केला. आता साधारण आजारी बकरीसारखा निघतो, पण मांदूला चालतो. ती येते, माशाचा तुकडा खाते, मी उचलून टाकतो. अध्यक्षाबाईंनी परवा लिफ्टमध्ये विचारलं की पहाटे बायकी आवाजात कोण शाबास शाबास ओरडतं, तुम्ही ऐकलंत का. मी म्हणालो की चौकशी करतो.

पाच दिवस नीट गेले, सहाव्या दिवशी तिनं पुन्हा खाल्लं. मी ओरडलो नाही, पण चेहरा ओरडलाच असणार, कारण ती पलंगाखाली गेली. डॉक्टरला सांगितलं तर ती म्हणाली की चेहऱ्याचाही सराव करा.

इनग्यूला पत्र लिहायला बसलो. सात मसुदे फाडले. पहिल्याचा मथळा होता, विषय: १९८१ सालच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेबाबत. हात दुसरं काही लिहितच नाही. कालचा आठवा मसुदा त्यातल्या त्यात बरा होता, तो पाकिटात घालून टपालपेटीत टाकला, आणि टाकल्याबरोबर आठवलं की मथळा खोडायचा राहिला.

तू सांगितलंस ते बरं केलंस. हे लिहायला तीन आठवडे लागले, तेवढे माफ कर आणि माझ्यावरचा जीव आहे तसा राहू दे.

योंगदाल


इंचॉन,
२२ डिसेंबर २००७

ती. आत्यास,
इनग्यूचा सा. नमस्कार.

बाबांचं पत्र आलं. कचेरीच्या गाडीतळावर गाडीत बसून वाचलं, कारण त्यांच्या अक्षरातलं पाकीट घरात उघडायचं धैर्य मला अजून होत नाही. मी पस्तीस वर्षांचा आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

वर विषय लिहिलेला होता. खाली तीन ओळी. चाळीस मार्कांचा पेपर तू पुलावर बसून खाल्लास हे मला ताईकडून आता कळलं. मी तेव्हा काय केलं असतं ते मला माहीत आहे आणि तुलाही माहीत होतं. कुत्रीला मी वर्तमानपत्रानं मारलं, तिच्या बाबतीत डॉक्टर म्हणते की चूक माझी आहे, तुझ्या बाबतीत डॉक्टरला विचारायची गरज नाही. बस. खाली सही, आणि सवयीनं शिक्का.

तुझ्यावर आधी चिडलो. वचन होतं आपलं. मग गाडीतच इतका वेळ बसून राहिलो की पहारेकरी येऊन काचेवर टकटक करून बरं आहे ना विचारून गेला. आत्या, एक दुरुस्ती आहे. मार्क चाळीस नव्हते, बावन्न होते. आणि पुलावर नाही, पुलाखाली बसून खाल्ला.

तुला एक सांगायचं आहे, ते बायकोलाही सांगितलेलं नाही. आश्रमात खूप कुत्री होती. जाळीशी येऊन शेपट्या हलवणारी, उड्या मारणारी. मांदू कोपऱ्यात होती. तिथला माणूस मोठ्यानं बोलला की ती अंग चोरायची. मी तिलाच निवडलं आणि नेमकी बाबांकडे नेऊन सोडली. तेव्हा मला वाटलं होतं की मी दोघांवर उपकार करतो आहे. आता वाटतं की मला बघायचं होतं, दुसऱ्या कुणाचं तिथे कसं निभतं ते. तिच्या पाठीवर वर्तमानपत्र बसलं, त्यातली अर्धी गुंडाळी माझी आहे.

त्यांना उत्तर लिहिण्यापेक्षा जाऊन येतो. एकटाच. नव्या वर्षाच्या सणाच्या आधी एखादा शनिवार गाठतो. बोलायला काही सुचलं नाही तर कुत्रीबद्दल बोलू.

तू थंडीची बाहेर पडू नकोस. भाच्यावरचा लोभ कमी केलास तर मीही एरंडेलाची गोष्ट सगळ्यांना सांगेन.

तुझा
इनग्यू


देजॉन,
२९ जानेवारी २००८

ती. ताईस,
योंगदालचा सा. न. वि. वि.

इनग्यू शनिवारी येऊन गेला. तुला आधी ठाऊक होतं, हे त्याच्याकडून कळलं. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे पत्रं लिहिता, आणि मी समजत होतो की या घराण्यात गुप्तता फक्त मीच पाळतो.

सकाळी अकराला आला. मी दोन दिवस आधीपासून घर धुवत होतो. आल्यावर आम्ही सव्वा तास हवामानाबद्दल बोललो. ताई, देजॉनमध्ये सव्वा तास बोलण्यासारखं हवामान नाही. थंडी आहे, एवढंच आहे.

मांदूचे सत्तावीस दिवस स्वच्छ गेले होते, हे मी त्याला सांगितलं. डॉक्टर बान म्हणते की दिवस मोजणं सोडा, पण मी मोजतो. मी असं सांगतो आहे तोच मांदू, पाहुणा आल्याच्या आनंदात म्हणा, दडपणात म्हणा, सज्ज्यात जाऊन बसली. मोकळी होऊन वळली, आणि तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं. दोन पुरुष, एकदम. जुनी भीती उफाळून आली आणि तिनं तोंड खाली नेलं.

माझी आरोळी इथपर्यंत आली होती, कंठापर्यंत. इनग्यूनं खांदे आवळले, ते मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्यानं मुद्दाम आवळले नाहीत, ते आपोआप आवळले गेले. त्या दिवशी घरात काही तरी गिळलं असेल तर ते मी गिळलं. आणि मग मी माझा तो आवाज काढला. आजारी बकरीचा. मांदूबाळ, ये गं माझी सोनुली, ये इकडे, असं म्हणत गुडघ्यांवर बसलो, हातात माशाचा तुकडा घेऊन.

मांदू थांबली. तोंडात थोडंसं होतं, ते तसंच टाकलं आणि आली. शेपूट हलवत नाही, पण आली. आली आणि माझ्या हातातून तुकडा घेतला.

मागे काही तरी आवाज झाला म्हणून वळून पाहिलं तर इनग्यू भिंतीला टेकून हसत होता. हसता हसता खाली बसला. तो म्हणाला की बाबा, हा आवाज तुम्ही कुठून आणलात. मी म्हटलं की आरशातून. तो आणखी हसला आणि मग डोळे पुसत राहिला, ते हसण्यामुळे होतं असं आम्ही दोघांनी धरून चाललो. मग त्यानं उठून सज्जा स्वतः साफ केला. कोपरे राहिले होते. मी काही बोललो नाही. हे मी तुला मुद्दाम कळवतो आहे, की कोपरे राहिले होते आणि मी बोललो नाही.

माफी मागायची होती, पण ती सरकारी भाषेतच तोंडाशी येत होती. म्हणून मी त्याला विचारलं की कागद कसा लागतो. त्यानं खूप विचार करून सांगितलं की कागदाचं काही नाही, भाताच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा असतो. शाई कडू. तांबडी जास्त कडू. मी म्हटलं की मला माहीत नव्हतं. तो म्हणाला की तुम्हाला माहीत होऊ नये म्हणूनच तर खाल्ला.

सूनबाईला तो डॉक्टर बानचे सगळे कागद दाखवणार आहे. सोदाम सणाला येईल. मुके घ्यायचे नाहीत, हात धुवायचे, मांदूचं फिरणं झाल्यावरच खेळायचं, असे नियम ठरले आहेत. मी ते छापून दारावर लावणार होतो, इनग्यू नको म्हणाला. लावले नाहीत. मांदू पूर्ण सुधारेल की नाही, डॉक्टरलाही सांगता येत नाही. मीही किती सुधारेन ते सांगता येत नाही. आम्हा दोघांनाही पट्ट्याची गरज आहे.

दुपारी मी नूडल्सचं पाणी ठेवायला आत गेलो आणि परत येऊन पाहतो तो इनग्यू झोपला होता. खालून तापवलेल्या गरम फरशीवर, हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून. तो माझ्यासमोर कधी झोपलेला मला आठवत नाही. मी गॅस बंद केला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो. मांदू येऊन माझ्या पावलांवर आडवी झाली. मला लघवीला जायचं होतं, पण उठलो असतो तर फरशी वाजली असती. एकतीस वर्षं गावाची झोप उडवणारा माणूस दोन तास एका जागी पाय आवळून बसला होता, ताई, आणि त्याचं अजिबात काही दुखत नव्हतं.

उन्हं गेली तेव्हा तो उठला, घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं की नूडल्स आहेत का अजून.

तुझ्या गुडघ्यांना शेक दे. आहे हाच जिव्हाळा पुढेही राहो.

तुझा
योंगदाल